दोनशेपर्यंत मोजताना

डबी घेऊन येणारा माणूस ती सहसा उघडपणे हातात धरून येत नाही. कुणी ती रुमालात गुंडाळतो, कुणी शर्टाच्या आत पोटाशी धरतो, कुणी खिशात घालून वरून हात दाबून उभा राहतो. लाजेपोटी केलेलं हे सगळं नमुन्याच्या पथ्यावरच पडतं. वीर्य थंड पडू नये, फार तापू नये, २० ते ३७ अंशांच्या दरम्यान राहावं आणि अर्ध्या तासात, फार तर तासाभरात आमच्या टेबलावर यावं, असा नियम आहे. अंगाची ऊब त्याला पुरेशी होते. मी प्रयोगशाळेत वीर्यतपासणी करतो, बरीच वर्षं करतोय. डबी देताना माझ्या डोळ्यांत बघणारे पुरुष या वर्षांत मोजकेच भेटले.

प्रत्येकाला मी तीन प्रश्न विचारतो. किती दिवसांचं अंतर ठेवलं होतं? ते २ ते ७ दिवसांचं असावं लागतं. नमुना किती वाजता दिला? आणि तिसरा प्रश्न, काही सांडलं का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच येतात. तिसऱ्याला बहुतेक जण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत 'नाही' म्हणतात. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच असतो. शुक्राणूंचा मोठा वाटा सुरुवातीच्या थेंबांत असतो, नंतरचा बराचसा भाग शुक्राशयातून आलेला द्रव असतो. शेवटचं थोडं सांडलं तर फार बिघडत नाही. पहिलं सांडलं, तर मी कितीही जीव लावून मोजलं तरी त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

एकाच्या रिपोर्टवर मी एका मिलिलिटरला ४ मिलियन, म्हणजे ४० लाख, असा आकडा लिहिला होता. चार दिवसांनी तो एकटाच आला, दुपारी, गर्दी नसताना. बराच वेळ बाकावर बसून राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "सर, त्या दिवशी पहिलं थोडं बाहेर गेलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा बोलता आलं नाही." पुन्हा नमुना घेतला. काउंट ३० मिलियनच्या वर आला. मधल्या चार दिवसांत त्याच्या घरात काय काय बोललं गेलं असेल, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

तेव्हापासून मी तिसरा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारतो. "पुष्कळांचं थोडं सांडतं. तुमचं सुरुवातीचं सांडलं की शेवटचं?" आता खरी उत्तरं येतात.

नमुना आला की आधी तो पातळ व्हायची वाट बघायची. वीर्य बाहेर पडल्यावर आधी जेलीसारखं घट्ट होतं आणि मग १५ ते ३० मिनिटांत आपोआप सैल होतं. तोवर डबीचं वजन करायचं, एका ग्रॅमला एक मिलिलिटर धरायचं. मग १० मायक्रोलिटरचा थेंब काचपट्टीवर ठेवायचा, वर चौकोनी कव्हरस्लिप, आणि सूक्ष्मदर्शकाखाली क्षणभर सगळं वाहणं थांबेपर्यंत थांबायचं. नंतर जे दिसतं त्याची मला अजून सवय झालेली नाही. काही सरळ रेघ मारल्यासारखे जातात. काही रेंगाळत, वळणं घेत पुढे सरकतात. काही जागच्या जागी शेपटी हलवत राहतात. काही नुसते पडलेले असतात. या चार रांगा आम्ही वेगवेगळ्या मोजतो.

हे सगळं माणसाने पहिल्यांदा पाहिलं, तेव्हाही त्याच्यासोबत संकोच होताच. सूक्ष्मदर्शकातून पाहणारे डच संशोधक लेवेनहुक यांनी १६७७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून वीर्यातल्या या हलत्या जिवांची माहिती कळवली. त्याच पत्रात त्यांनी अशीही विनंती केली होती, की हे वाचून विद्वानांना किळस येईल असं वाटलं, तर पत्र खाजगी समजावं. पोटाशी डबी धरून आलेला माणूस पाहिला की मला कधी कधी ते पत्र आठवतं.

हालचाल टिपून झाली की संख्या. त्यासाठी वीर्यात द्रावण मिसळून शुक्राणू निश्चल करायचे आणि बारीक चौकटी आखलेल्या काचेवर मोजायचे. हातात काउंटर असतो, अंगठ्याने दाबायचा. एक शुक्राणू, एक टिक. निदान २०० मोजायचे. मग दुसरा थेंब घेऊन पुन्हा २००. दोन्ही आकडे जुळले तरच पुढे जायचं, नाही तर परत पहिल्यापासून. नुसते १०० मोजून थांबलो, तर केवळ योगायोगाने होणारी चूक १० टक्क्यांच्या घरात जाते. ४०० मोजले की ती ५ टक्क्यांवर येते. शून्यावर कधीच येत नाही. माझ्या अंगठ्याखालून निघालेला आकडा हा असा असतो, आणि घरी जाऊन लोक त्यावर रात्र रात्र जागतात.

आकड्याशेजारी रिपोर्टवर आणखी एक आकडा छापलेला असतो, मर्यादेचा. लोक आधी तोच बघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणीच्या पुस्तिकेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीप्रमाणे या खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य १.४ मिलिलिटर, एका मिलिलिटरमध्ये १६ मिलियन म्हणजे १ कोटी ६० लाख शुक्राणू, सगळ्या नमुन्यात मिळून ३ कोटी ९० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. हे आकडे आले कुठून, हे मात्र रिपोर्टवर कुठेच नसतं. ज्यांच्या जोडीदाराला प्रयत्न सुरू केल्यापासून १२ महिन्यांच्या आत दिवस राहिले, अशा साडेतीन हजारांहून अधिक पुरुषांचे नमुने यासाठी विचारात घेतले. त्यांना चढत्या क्रमाने लावलं आणि खालून ५ टक्क्यांवर रेघ मारली. म्हणजे त्या रेघेच्या खाली जे होते, तेसुद्धा बाप झालेलेच पुरुष होते.

मी हे शिकत होतो, तेव्हा रेघ २० मिलियनवर होती. २०१० मध्ये ती १५ वर आली, २०२१ मध्ये १६ झाली. एका मिलिलिटरला १७ मिलियन असलेला पुरुष २००५ साली 'कमी' होता आणि २०१२ साली ठीक होता. त्याच्या अंगात काही बदललं नव्हतं. रेघेच्या वर असलेल्यालाही ती हमी देत नाही. काउंट ६० मिलियन असूनही वर्षानुवर्षं वाट बघणारी जोडपी आमच्याकडे येतात.

सगळ्यात जास्त माणसं आकाराच्या रकान्यापाशी कोसळतात. 'नॉर्मल फॉर्म्स ३ टक्के.' लगेच मनात उरलेले ९७ उभे राहतात. एकाने मला अगदी हळू आवाजात विचारलं होतं, "म्हणजे मूल व्यंग घेऊन येणार का?" नाही. आकार तपासताना आम्ही फार कडक असतो. डोकं गुळगुळीत आणि लंबगोल हवं, मानेपाशी फुगवटा नको, शेपटी एकसारखी हवी आणि तुटलेली नको. किंचित शंका आली तरी तो शुक्राणू बाद. इतकी कडक चाळणी लावल्यामुळेच १०० मधले ४ उरले तरी ते पुरे मानलं जातं. बाळाच्या रूपाचा आणि या टक्क्याचा तसा संबंध नाही. एवढं एक वाक्य रिपोर्टखाली छापायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि ती लांबलचक नावं. ऑलिगोअस्थेनोटेराटोझूस्पर्मिया. हा शब्द वाचून एखादा असाध्य रोग जडल्यासारखं वाटतं. त्याची फोड केली तर संख्या कमी, हालचाल कमी, नीट आकाराचे कमी, एवढंच हाती लागतं. काय दिसलं याचं ते वर्णन आहे. का झालं, हे त्यात कुठेच नाही. ताप आलेल्या माणसाला 'तुम्हाला ज्वर झालाय' असं सांगण्यासारखं ते आहे.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही स्वतःची तपासणी करायला मी चौदा महिने लावले.

आम्ही मुलासाठी प्रयत्न सुरू केले. वर्ष गेलं, दिवस राहिले नाहीत. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोघांच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. हिच्या सुरू झाल्या. पाळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त, मग एकविसाव्या दिवशी रक्त, मग दिवसाआड सोनोग्राफी. माझी चिठ्ठी पाकिटात राहिली. आज काम फार आहे, या आठवड्यात सर्दी आहे, अंतर नीट पाळलं गेलं नाही. नियम पाठ असलेल्या माणसाला सबबीही नियमात बसवता येतात.

मग गर्भनलिकांचा एक्स-रे झाला. गर्भाशयात रंगद्रव्य सोडून नळ्या मोकळ्या आहेत का, ते बघतात. मी दाराबाहेर बसलो होतो. ती बाहेर आली तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घाम होता आणि एक हात पोटावर होता. गाडीत बसल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर समोर बघतच म्हणाली, "तुझी कधी करायची?"

मी म्हणालो, "माझं काय, करू की."

तिने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या कामात रोज जे दिसतं, ते माझ्याच घरात चाललं होतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं काही ना काही कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. पुरुषाची पहिली तपासणी एका डबीची असते, त्यात सुई नाही, वेदना नाही. तरीही आमच्याकडे येणाऱ्या कित्येक जोडप्यांत बाईची फाइल जाडजूड झालेली असते आणि पुरुषाचा पहिला कागद तिच्यात सगळ्यात शेवटी लागतो. रिपोर्ट न्यायला एकदा एक बाई आल्या होत्या. नवऱ्याचा काउंट शून्य होता. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "घरच्यांना मी माझ्यातच दोष आहे असं सांगितलंय. ह्यांना तेवढं तरी नको." त्या वाक्यावर मला काहीही बोलता आलं नाही. आजही येणार नाही.

शेवटी मी नमुना दिला तो आमच्या प्रयोगशाळेत नाही, दुसरीकडे, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. तिथे मला तीनपैकी एकही प्रश्न विचारला गेला नाही. रिपोर्ट एका पानाचा होता. काउंट ७ मिलियन, पुढे सरकणारे १८ टक्के, आकार २ टक्के, पस सेल्स ८ ते १०. सोबत जंतुसंसर्गाच्या गोळ्या घ्यायचा सल्ला. साध्या थेंबात गोल दिसणारी प्रत्येक पेशी पूची नसते, पूर्ण न वाढलेल्या शुक्राणूंच्या पेशीही तशाच गोल दिसतात, वेगळा रंग देऊन बघितल्याशिवाय सांगता येत नाही, हे मी स्वतः दुसऱ्यांना समजावत आलोय. त्या क्षणी त्यातलं काहीही आठवलं नाही. मी फक्त ७ बघत होतो.

एका रिपोर्टवर काही ठरत नाही, हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल! ते खरंच आहे. पण ऐकणाऱ्याच्या आत ते कुठे पोचतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. ते कानाशीच थांबतं. आत दुसरंच काही चाललेलं असतं. मी पुरुष म्हणून कमी आहे का, हा प्रश्न मला पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला तर शास्त्र माहीत होतं. शुक्राणू वृषणातल्या बारीक नळ्यांमध्ये तयार होतात आणि पुरुषी संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, त्या नळ्यांच्या मधल्या पेशींत. दोन्ही कामं शेजारी शेजारी चालतात, पण एक अडलं म्हणून दुसरं अडतंच असं नाही. वीर्याच्या एकूण मापात शुक्राणूंचा वाटा जेमतेम काही टक्के असतो. म्हणून काउंट शून्य असलेल्या माणसालाही इच्छा, ताठरता, वीर्याचं प्रमाण, सगळं नेहमीसारखंच असू शकतं आणि त्याला स्वतःला काडीचाही संशय येत नाही. हे सगळं माहीत असून मी रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात अंधारात उभा होतो.

हिला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आता पुढे काय करायचं?" तिच्या आवाजात सुटका होती. तिला आनंद झाला नव्हता. पण चौदा महिने एकटीने उचललेलं ओझं कुणीतरी एका बाजूने धरलं होतं.

डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहिला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत आजारी होतात का?" सात आठवड्यांपूर्वी मला चांगला ताप येऊन गेला होता, चार दिवस, १०३ पर्यंत. मी ते विसरूनही गेलो होतो. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, त्यानंतर वृषणामागच्या गुंडाळलेल्या नळीतून प्रवास करताना आणखी एक-दोन आठवडे. म्हणजे आज डबीत जे आहे त्याची सुरुवात तीन महिन्यांपूर्वी झालेली असते. वृषणं शरीराबाहेर पिशवीत लोंबतात ती याचसाठी, त्यांना अंगापेक्षा २ ते ४ अंश कमी उष्णता लागते. ताप आला की तो हिशेब बिघडतो आणि त्याची खूण कित्येक आठवड्यांनी रिपोर्टवर उमटते. तोवर माणूस ताप विसरलेला असतो. आता मी फॉर्मवर हा प्रश्नही लिहितो: गेल्या तीन महिन्यांत ताप?

मग डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलं आणि हाताने तपासलं. खोकायला लावलं. डाव्या बाजूला शिरांचं वेटोळं लागलं, व्हॅरिकोसील. मी स्वतः ते कधी हाताळून बघितलं नव्हतं. पायाच्या शिरा फुगतात तशाच या फुगतात. बहुतेकदा डावीकडेच, कारण डाव्या वृषणाची शीर वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त खाली तुंबतं. दर १०० पुरुषांतल्या सुमारे १५ जणांना हे असतं आणि त्यांच्यातले पुष्कळ जण विनासायास बाप होतात. म्हणून दिसलं की कापायचं, असंही नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिने थांबू, पुन्हा तपासू, मग ठरवू.

ही हाताची तपासणी मला फार महत्त्वाची वाटते. आमच्याकडे असे पुरुष येतात, ज्यांचे चार-चार रिपोर्ट झालेले असतात आणि एकदाही कुणी त्यांच्या अंगाला हात लावलेला नसतो. लहानपणी वृषण खाली उतरलं होतं का, वयात आल्यावर गालगुंड होऊन तिथे सूज आली होती का, मधुमेह आहे का, कुठली औषधं चालू आहेत, हे कुणी विचारलेलं नसतं. मधुमेहात कधी कधी वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं. तेव्हा डबी जवळपास रिकामी असते आणि शुक्राणू लघवीत सापडतात. वृषणाची गाठ अशाच तपासणीत वेळेवर सापडलेली माणसंही आहेत. आमचा कागद म्हणजे या सगळ्याची फक्त पहिली ओळ. तेवढ्यावर गोळ्या सुरू होतात, किंवा तेवढ्यावर जोडप्याला थेट टेस्ट ट्यूब बेबीच्या दारात नेऊन उभं केलं जातं, तेव्हा मला राग येतो.

गोळ्यांबद्दलही बोलतो. काउंट वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि गोळ्या पुरुष मुकाट्याने घेतात, कारण त्या घेताना कुणाशी बोलावं लागत नाही. झिंक आणि फोलिक आम्ल यांची मोठी चाचणी दोन हजारांहून अधिक जोडप्यांवर झाली, तिचा निकाल २०२० मध्ये आला. मूल होण्याच्या प्रमाणात त्याने फरक पडला नाही. सिगारेट सोडणं, वजन उतरवणं, मांडीवर तापलेला लॅपटॉप न ठेवणं, या गोष्टी करायला काहीच हरकत नाही. पण त्या करून मूल होईलच, अशी हमी कुणी देऊ नये.

आणि एक गोष्ट मात्र ओरडून सांगावीशी वाटते. एक तरुण आला होता, पिळदार दंड, भरलेली छाती. त्याच्या डबीत एकही शुक्राणू नव्हता. दोन वर्षं तो टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होता, शरीर कमवायला. हे संप्रेरक बाहेरून मिळालं की मेंदूतल्या ग्रंथीला वाटतं, आता आपली गरज नाही. ती वृषणांना आदेश पाठवणं थांबवते आणि आतला कारखाना बंद पडतो. काउंट कमी आहे म्हणून 'पुरुषी ताकद' वाढवायला हेच इंजेक्शन घेणारेही भेटतात. ते नेमकं उलटं आहे. या मुलाने डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते बंद केलं. सात-आठ महिन्यांनी थेंबात पहिले काही दिसले. सगळ्यांचं इतक्या लवकर परत येत नाही.

शून्य लिहिण्याआधी आम्ही फार वेळ घेतो. साध्या थेंबात काहीच दिसलं नाही, तर नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवतो आणि तळाशी बसलेला साका कणाकणाने शोधतो. तेव्हा हातातला काउंटर गप्प असतो. एकदा तासभर शोधल्यावर मला तीन सापडले. दोन पडलेले, एक शेपटी हलवत होता. तीन म्हणजे कागदावर जवळपास काहीच नाही. पण १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू बारीक सुईने स्त्रीबीजात सोडून जन्मलेल्या पहिल्या बाळांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून शून्य आणि तीन यांच्यात फार मोठं अंतर पडलंय.

खरोखरच शून्य आलं, तरी तिथून दोन वाटा फुटतात. एकात वृषणात शुक्राणू तयार होत असतात, पण रस्ता अडलेला असतो. काहींना शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात. त्यांचं वीर्य मापाने कमी आणि आंबट बाजूला झुकलेलं असतं, त्यात फ्रुक्टोज ही साखर सापडत नाही, म्हणून आमच्या टेबलावरच शंका येते. त्यांची आणि जोडीदाराचीही जनुकीय तपासणी करावी लागते. दुसऱ्या वाटेत तयारच फार कमी होत असतात. कधी गुणसूत्रांत एक जास्तीचं एक्स असतं, कधी वाय गुणसूत्राचा बारीकसा तुकडा गळलेला असतो. तिथेही सूक्ष्मदर्शकाखाली वृषणाच्या नळ्या एकेक करून बघताना कधी एखाद्या कोपऱ्यात थोडे शुक्राणू सापडतात. कधी सापडत नाहीत. तेव्हा दात्याचे शुक्राणू, दत्तक, किंवा दोघांचंच आयुष्य, यातलं काय निवडायचं हा त्या दोघांचा प्रश्न असतो. बाहेरच्या कुणी त्यात घाई करू नये, प्रयोगशाळेतल्या माणसानेही नाही.

आम्हाला मूल झालं का, हे मी इथे लिहिणार नाही. हातात स्वतःचा रिपोर्ट घेऊन हे वाचणारा माणूस माझं उत्तर आपल्या आकड्याशी जुळवून बघेल, हे मला माहीत आहे. मीही तेव्हा दुसऱ्यांच्या बाबतीत तेच करत होतो.

तीन महिन्यांनी दुसरा नमुना मी आमच्याच प्रयोगशाळेत दिला. मला हे काम ज्यांनी शिकवलं, त्या मॅडमच तो मोजणार होत्या. सकाळी कुणी यायच्या आत मी डबी त्यांच्यासमोर ठेवली. खिशातून काढून ठेवली, हे सांगायला हवं. त्यांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "किती दिवस?" चार. "किती वाजता?" सात वीस. "काही सांडलं?" नाही. मग म्हणाल्या, "बाहेर बस."

मधे फक्त प्लायवुडची भिंत आहे. मी बाकावर बसलो, त्याच बाकावर, जिथे तो चार दिवसांनी परत आलेला माणूस बसला होता. अर्ध्या तासाने काउंटर सुरू झाला. टिक. टिक. मग जरा थांबला. मग टिक टिक टिक. एवढ्या वर्षांत हा आवाज मी कधी बाहेरून ऐकला नव्हता. मी मोजायचं नाही असं ठरवलं आणि तरी चाळीसपर्यंत मोजलं. तिथे चुकलो. आवाज बंद झाला, पाण्याचा नळ वाहिला, काच पुसल्याचा आवाज आला, आणि दुसरा थेंब सुरू झाला.

काउंट १९ मिलियन, वीर्य २.६ मिलिलिटर, पुढे सरकणारे २६ टक्के, आकार ३ टक्के. संख्या आणि माप रेघेच्या वर, बाकी दोन खाली. मॅडमनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. काही बोलल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असतो, तर मीही बोललो नसतो.

घरी आल्यावर हिने कागद घेतला, दोनदा वाचला आणि कपाटातून फाइल काढली. पंचिंग मशीनने दोन भोकं पाडली आणि तो वर लावला. खाली तिचे अकरा कागद होते. माझा हा दुसरा.